किल्लरकोरीची जबानी

सोमवारी सकाळी धनाजी सरगर सांगलीच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या हातात सात दिवस होते. पुढच्या सोमवारी विट्याला प्रांत कचेरीत सुनावणी होती, आणि तोवर इंग्रजांच्या काळातला एखादा कागद मिळाला नाही तर खिलारखोरीचं कुरण गेल्यात जमा होतं.

खिलारखोरी हे खानापूर तालुक्याच्या पार पूर्वेकडचं, दीडशे उंबऱ्यांचं गाव. पाऊस तिकडं वाट चुकल्यासारखा येतो. गावाच्या माथ्यावर दोनशे एकरांचं उघडं बोडकं कुरण आहे. परक्या माणसाला तिथं दगडच दिसतील, पण त्या दगडांच्या बेचक्यात जे पवन्या गवत उगवतं त्यावर गावातली अडीच हजार मेंढरं वर्षातले पाच महिने काढतात. त्या कुरणावर आता एका कंपनीच्या सौरऊर्जेच्या पाट्या बसायच्या होत्या. विजेला कुणाची ना नव्हती. पण तारेचं कुंपण पडलं की मेंढरं कुठं घालायची, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं.

यात धनाजीचं स्वतःचं एक दुखणं होतं, आणि ते त्याला धड झोपू देत नव्हतं. बावीस वर्षं फौजेत काढून तो नाईक म्हणून निवृत्त झाला होता. गावात कागद आला की धनाजीकडं, फॉर्म भरायचा तर धनाजीकडं, असा रिवाजच पडला होता. ग्रामसभेत ठराव आला तेव्हा मंडळी म्हणाली, "नाईकसाहेब, तुमी वाचा आनि पैली सही तुमीच करा." ठराव दोन पानी होता. पहिल्या पानावर गावाला मिळणारी वीज, रस्ता, शाळेची खोली असं सगळं गोड गोड होतं. ते त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवढ्यात चहा आला, कुणीतरी पान उलटून पेन हातात दिलं, आणि त्यानं सही ठोकली. त्याच्या सहीखाली एकशे बारा सह्या आणि अंगठे पडले. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'सदर जमीन पडीक असून पूर्वापार कोणाच्याही वापरात नाही.'

हे कळलं ते कुरणात सिमेंटचे खांब उतरले तेव्हा. धनाजीचे वडील नानासो, वय शहाऐंशी, अजून रोज मेंढरामागं जाणारे. ते काठी टेकत तलाठ्याकडं गेले, ठरावाची नक्कल मागितली, आणि ती आणून धनाजीपुढं धरली.

"ही सही कुनाची?"

"माजी हाय आबा."

नानासोंनी नक्कल त्याच्या हातात दिली आणि काठी उचलून मेंढरांकडं गेले. त्या दिवसापासून तीन आठवडे झाले, ते धनाजीशी बोलतच नव्हते. काही सांगायचं झालं तर सुनेला सांगायचे, तेही तो समोर बसलेला असताना.

गावानं हरकत नोंदवली. विट्याचे वकील म्हणाले, "आठवणीवर निकाल लागत नाही. कुरणात पूर्वीपासून चराई होत होती असं कुठं छापलेलं, लिहिलेलं असेल तर आणा." आणि नानासोंच्या घराण्यात तर एक गोष्ट चालत आली होती. त्यांचे पणजोबा बिरूबा यांना गोऱ्या साहेबानं कागद दिला होता, की कुरण तुमचं, चारा. कागद कुणी पाहिला नव्हता. घर दोनदा जळलं होतं. पण गोष्ट गावातल्या पोरासोरांनाही पाठ होती. धनाजी तो कागद शोधत तहसिलात गेला, तिथं एवढं जुनं काही नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्या शिपायानं सांगितलं, "जुनी इंग्रजी पुस्तकं बघायची तर सांगलीला वाचनालयात जावा."

ते वाचनालय नदीपासून फार लांब नव्हतं. ग्रंथपाल होत्या अंकिता पोळ, पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. धनाजीनं सगळं सांगितलं, सहीचं सोडून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या जिल्ह्याचं शोधताय?"

"सांगलीचं की."

"तिथंच चुकतं सगळ्यांचं. तेव्हा सांगली संस्थान होतं. तुमचा खानापूर इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. सातारा म्हणून शोधायचं."

वरच्या मजल्यावर एका कपाटात जिल्ह्याच्या जुन्या माहितीचे जाड ग्रंथ होते. त्यातला एक त्यांनी टेबलावर आणून ठेवला. धनाजीचं इंग्रजी फौजेतलं, म्हणजे हुकूम आणि अर्ज यांपुरतं. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. पाऊस, पिकं, जनावरं, देवळं, जाती, सगळं होतं. कुठला गोरा माणूस कधी घोड्यावरनं येऊन गेला असेल, त्यानं आपल्या घोंगड्यांचं, आपल्या लग्नाचं, आपल्या मेंढरांच्या रोगांचंही लिहून ठेवलेलं होतं. आणि पन्नाशी उलटेस्तोवर आपल्याला याचा पत्ताच नव्हता. एका जागी लिहिलं होतं की धनगर लोक मंदबुद्धीचे असतात. धनाजीनं ते वाक्य दोनदा वाचलं, अर्थ बरोबर लागतोय ना म्हणून. मग त्याला ठरावावरची आपली सही आठवली आणि तो पुढं गेला.

खिलारखोरीचं नाव मात्र कुठंच नव्हतं. चार वाजता अंकिताबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी जंगलाचं प्रकरण चाळलं आणि एका तळटीपेवर बोट ठेवलं. सरकारनं डोंगर-कुरणं जंगल म्हणून राखून ठेवल्यावर लोकांनी फार ओरड केली, तेव्हा एक चौकशी मंडळ नेमलं गेलं. त्या मंडळापुढं रयतेनं दिलेल्या जबान्या वेगळ्या खंडांत छापल्या होत्या. साताऱ्याच्या जबान्या तिसऱ्या खंडात.

"त्यो खंड हाय का हितं?"

अंकिताबाईंनी नोंदवही काढली. खंड होता, चारही होते. पण त्यांच्या पुढं लाल शाईनं 'तळ' असं लिहिलं होतं. त्या धनाजीला खाली मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार उघडलं तसा कुबट वास आला. खोलीत कमरेएवढा ढीग होता. दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर आले, दोन्ही वेळी नदी या खोलीत छातीएवढी शिरली. भिजलेली पुस्तकं जमेल तशी काढली, वाळवली, आणि मग जागा नाही म्हणून इथंच रचली. वाळून ती विटेसारखी झाली होती. पाठी उखडलेल्या, नावं गेलेली, वर नदीचा गाळ.

"हजार-बाराशे असतील," अंकिताबाई म्हणाल्या. "आणि शुक्रवारी टेम्पो येणार आहे. रद्दीचा."

"म्हंजे?"

"आमच्या सचिवांनी ठरवलंय. त्यांचंही चूक नाही. खोलीत वाळवी लागलीय, ती वर चढली तर चांगली पुस्तकंही जातील. मी पाच वर्षं थांबवत आले. आता थांबत नाही."

धनाजी दारातच उभा राहिला. मग त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. अंकिताबाई म्हणाल्या, "थांबा. साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या यादीत दुसरी प्रत दाखवतेय. आधी ते बघा. तिथं पूर आलेला नाही."

मंगळवारी तो पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला गेला. तिथल्या माणसानं अगत्यानं बसवलं, यादी काढली, खंडाचा क्रमांक लिहून घेतला आणि आत गेला. अर्ध्या तासानं तो एक पिवळं कार्ड घेऊन बाहेर आला. तिसरा खंड एकोणीसशे एकाहत्तर साली कुणीतरी घरी नेला होता, तो परत आलेला नव्हता. नाव वाचता येत नव्हतं. बाकीचे तीन खंड जागेवर होते, करकरीत कोरडे. धनाजीनं उगाच तिन्ही चाळले. पुण्याचं होतं, नाशिकचं होतं, कुलाब्याचं होतं. परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली, पण तो कऱ्हाडपर्यंत उभाच राहिला. बसावंसं वाटेना.

बुधवारी आणि गुरुवारी तो त्या खोलीत होता. तोंडाला रुमाल बांधून एकेक वीट उचलायची, कडेवरचा गाळ पुसायचा, एखादं अक्षर दिसतं का बघायचं, नसेल तर बाजूला ठेवायची. अंकिताबाई मधूनमधून येऊन बसायच्या. गुरुवारी दुपारी त्यांनाच तो खंड सापडला. पाठ नव्हती, पण पहिल्या पानाचा एक तुकडा शिल्लक होता, त्यावर 'सातारा' एवढंच वाचता येत होतं. दोघांनी तो वर नेला. सहाशे पानांचा तो गठ्ठा एकसंध झाला होता. शेवटची सूचीची पानं तर लगदाच.

"जोर लावायचा नाही," अंकिताबाई म्हणाल्या. "फाटलं की संपलं."

त्यांनी बांबूची एक पातळ चोय आणली आणि ती दोन पानांच्या मध्ये कशी सरकवायची ते दाखवलं. आधी कोपरा, मग कड, मग मध्य. एक पान सुटायला पाच पाच मिनिटं लागत. कधी पान सुटायचं पण अक्षरं समोरच्या पानाला चिकटून जायची. संध्याकाळी वाचनालय बंद झालं तोवर सत्तर पानं सुटली होती. धनाजी रात्री मेव्हण्याच्या खोलीवर गेला, जेवला, आणि घरी फोन लावला. बायको म्हणाली, "आबा इचारत हुतं, काय मिळालं का."

"तुला इचारलं, का मला इचार म्हणालं?"

"मला," म्हणाली.

शुक्रवारी अकरा वाजता टेम्पो आला. सचिव धैर्यशीलराव स्वतः उभे होते. पोत्यांत भरभरून पुस्तकं जायला लागली, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. जबान्यांचे बाकीचे तीन खंड त्याच ढिगात कुठंतरी होते, ते आता कुणाच्या हाती लागणार नव्हते. धैर्यशीलराव जिना चढून वर आले, टेबलावरचा गठ्ठा त्यांनी पाहिला.

"हाही त्यातलाच ना?"

"नाही," अंकिताबाई म्हणाल्या. "हा माझ्या टेबलावर आहे. वाचक वाचतोय."

धैर्यशीलरावांनी धनाजीकडं पाहिलं. दोन दिवसांची दाढी, नखांत गाळ, हातात बांबूची चोय. ते वळून खाली गेले. टेम्पो भरून निघून गेला तेव्हा अंकिताबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा शेजारी येऊन बसल्या.

आता खानापूर तालुका सुरू झाला होता. एकेक गाव सुटत होतं. धनाजी खिलारखोरी शोधत होता, इंग्रजी स्पेलिंग जितक्या तऱ्हांनी होईल तितक्या तऱ्हांनी. तीन वाजता अंकिताबाई एक नाव मोठ्यानं वाचत थांबल्या. "किल्लरकोरी. किल्लर... कोरी. धनाजीराव, हे पुन्हा म्हणा बरं."

"किल्लरकोरी," तो म्हणाला. "किल्लरकोरी... खिलारखोरीच की ही!"

त्या वाचत गेल्या आणि जागच्या जागी मराठीत सांगत गेल्या. कुठं अक्षर गेलं होतं तिथं थांबत, अंदाज करत.

'बिरू बिन सतू, जात धनगर, राहणार किल्लरकोरी, वय अंदाजे पस्तीस. सांगतो की, माझी एकशे साठ मेंढरं होती. आता एकोणीस आहेत. ज्या डोंगरावर सरकारनं दगड रोवून जंगल केलं, त्यावर झाड एकही नाही. गवत आहे. माझा बाप तिथं चारत होता, त्याचा बाप चारत होता. गेल्या चैत्रात शिपायांनी मेंढरं धरून कोंडवाड्यात घातली. चार दिवस पाणी दिलं नाही. मला धरून साताऱ्यास नेलं. दोन महिने तुरुंगात होतो. सुटून चालत घरी आलो, तो आई वारली होती. मी चोर नाही. मेंढराला दगडाची हद्द कळत नाही. मला पुन्हा धरलं तरी मी तिथंच जाणार, कारण दुसरीकडं गवत नाही.'

धनाजीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. फौजेत त्यानं पुष्कळ काही पाहिलं होतं, पण असं कधी झालं नव्हतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा आपल्या घरातला माणूस बोलत होता, आणि आवाज थेट आबांचा होता.

"वाचा म्होरं. आता कागदाचं असंल."

पुढचं पान अर्ध्यावर चिकटलेलं होतं. ते सोडवायला वीस मिनिटं लागली. अंकिताबाईंनी ते आधी मनात वाचलं. मग हळू सांगितलं.

'मंडळाचं मत. साक्षीदाराची तक्रार निराधार आहे. या गावचे धनगर जमीन-मोजणीच्या आधीपासून दरसाल त्या डोंगरावर कळप घालत आले आहेत, आणि शिक्षा होऊनही त्यांची ती खोड मोडलेली नाही. अशा खोडीतून हक्क उत्पन्न होत नाही. अर्ज नामंजूर.'

"आनि कागद?"

"कागद नाही, धनाजीराव. नामंजूर केलंय."

खाली रस्त्यावर हळदीची पोती घेऊन कुणाची तरी गाडी अडकली होती आणि मागचे हॉर्न वाजवत होते. धनाजी ते ऐकत बसला. पाच दिवस तो ज्याच्यासाठी धावपळ करत होता तो कागद नव्हताच. कधी नव्हताच. सोमवारी कंपनीच्या वकिलानं हेच म्हणायचं होतं की तुमचा हक्क नाही, आणि ते इंग्रज सरकार आधीच म्हणून गेलं होतं.

तो एकदम म्हणाला, "मॅडम, पैल्या पानाची झेरॉक्स द्या. त्यावर शिक्का मारून द्या. दुसरं ऱ्हाऊ द्या."

अंकिताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "मी शिक्का मारीन तर दोन्ही पानांवर. एकावर नाही."

"दुसरं पान दिलं तर आमी मेलो."

"आणि तुम्ही एकच दिलंत, आणि समोरच्यानं दुसरं मुंबईच्या सरकारी दफ्तरातून काढून आणलं तर?"

"त्यांस्नी काय ठावं हाय? पुस्तक तर नदीनं खाल्लं."

हे बोलून त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो उठला, जिना उतरला, चालत घाटावर गेला. कृष्णेला पाणी कमी होतं, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तो तिथं बसून राहिला. मनात आलं, सरळ मेव्हण्याकडं जावं, पिशवी घ्यावी, गाव गाठावं आणि सांगावं की कागद काही मिळाला नाही. निदान खोटं तरी ठरणार नाही. मग वाटलं, मेंढरं विकायला लागतील, आबा ते बघायला जगायचे नाहीत, आणि आपण मात्र मरेपर्यंत त्या एका सहीचे धनी म्हणून जगू. दुसरं पान न वाचता सही केली तो माणूस आपणच. आता दुसरं पान वाचून ते लपवणाराही आपणच व्हायचं का? घाटावर बायका धुणं धूत होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आवं दाजी, जरा सरका, उडतंय पानी." तो सरकला नाही, उठलाच.

साडेपाचला तो परत आला. "दोन्ही द्या," म्हणाला.

रविवारी घरात सगळे असताना त्यानं नानासोंपुढं ते कागद ठेवले. ते खांबाला टेकून बसले होते. त्यानं जबानी आपल्या भाषेत सांगितली, एक शब्द न गाळता. मग दुसरं पान सांगितलं. नानासो त्याच्याकडं न बघता ऐकत होते. चुलीपाशी सून हातातली भाकरी तशीच धरून थांबली होती.

"नामंजूर," नानासो म्हणाले.

"व्हय आबा. कागद न्हवताच."

"मग आमास्नी कागदाचं कुनी सांगितलं?"

नानासोच पुन्हा बोलले, आता सरळ त्याच्याकडं बघत, जवळजवळ महिन्यानं पहिल्यांदा.

"त्यानंच सांगितलं असनार. आनि कोन सांगनार? तुरुंगातनं आला, आई गेलेली, मेंढरं मेलेली. पोरं भ्याली असतील डोंगरावर जायला. मग म्हनला असंल, साहेबानं कागद दिलाय, जावा, कोन काय करत न्हाई." ते थांबले. "आनि माजा आज्जा गेला. बा गेला. मी गेलो. कुनीच कागद मागितला न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले, पण ते त्यांनी पुसले नाहीत. "उद्या मीबी येतो विट्याला," म्हणाले.

प्रांत साहेब म्हणजे एक बाई होत्या, तरुण, थकलेल्या चेहऱ्याच्या. त्या दिवशी त्यांच्यापुढं अठरा प्रकरणं होती. समोरच्या, म्हणजे कंपनीच्या वकिलानं ठराव काढला आणि पहिली सही दाखवली. "हरकत घेणाऱ्यानंच सही केलेली आहे, मॅडम. जमीन पडीक आहे, वापरात नाही."

"ही सही तुमची?" बाईंनी विचारलं.

"माजी हाय," धनाजी म्हणाला. मागच्या बाकावर गावातली तीसेक माणसं बसली होती. त्यांच्यापुढं हे बोलताना त्याचे कान तापले. "दुसरं पान मी वाचलं न्हवतं. वाचायला पायजे हुतं. चूक माजी हाय, गावाची न्हाई."

मग गावाच्या वकिलानं दोन्ही पानं पुढं केली. बाईंनी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, दुसरं पुन्हा वाचलं. समोरच्या वकिलानं झुकून पाहिलं आणि तो हसला. "मॅडम, यात तर हक्क स्पष्ट नाकारलाय. यांनीच आमचं काम केलं."

"हक्क नाकारलाय," बाई म्हणाल्या. "ते मला दिसतंय. या कागदावर मी यांना हक्क देऊ शकत नाही." बाईंनी पेन उचललं. "पण तुमच्या ठरावात लिहिलंय की पूर्वापार कोणाच्या वापरात नाही. इथं सरकारच लिहून गेलंय की दरसाल वापरत आले, शिक्षा होऊनही. ते वाक्य ठरावात तसंच ठेवून मी ताबा देऊ शकत नाही. जागेची पाहणी होईल. मेंढरं मोजली जातील, पाणवठे बघितले जातील. तोपर्यंत काम थांबवा."

"किती दिवस?" वकिलानं विचारलं.

"पाहणी होईपर्यंत," त्या म्हणाल्या आणि शिपायाला पुढच्या प्रकरणाचा पुकारा करायला सांगितलं.

एवढंच झालं. गावात कुणी गुलाल उधळला नाही. खालच्या बाजूच्या चाळीस एकरांतले खांब उभेच राहिले, फक्त त्यांना तार लागली नाही. मे महिन्यात पाहणीला मंडळ अधिकारी आले, दोन दिवस उन्हात फिरले, नानासोंनी त्यांना प्रत्येक झरा आणि प्रत्येक मेंढवाडा हाताला धरून दाखवला. अहवाल वर गेला. निकाल अजून आलेला नाही. रोज सकाळी मेंढरं कुरणात जातात, आणि रोज सकाळी कुणीतरी खांबांकडं बघून घेतं.

पाहणी झाल्यावर आठवड्यानं नानासो म्हणाले, "मला साताऱ्याला ने."

"कशाला आबा?"

"त्यो तुरुंग बघायचाय."

धनाजी त्यांना घेऊन गेला. तुरुंगाच्या उंच भिंतीशी दोघं उभे राहिले. आत जायला काही कारण नव्हतं आणि परवानगीही नव्हती. फाटकावरचा पोलीस दोनदा त्यांच्याकडं बघून शेवटी जवळ आला. "कुणाला भेटायचंय बाबा? मुलाखतीचा दिवस नाही आज."

"भेटायचं न्हाई," नानासो म्हणाले. "आमचं मानूस हुतं हितं."

"कवा सुटलं?"

नानासोंनी धनाजीकडं बघितलं. धनाजीनं सांगितलं, "लय झालं. दीडशे वर्सं हुत आली."

पोलीस मान हलवून परत गेला. नानासो भिंत बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हितनं आपलं गाव चालत किती दिस?"

"चार तरी. कऱ्हाडावरनं, मग विटा."

"पायात काय असंल त्याच्या?"

"काय म्हाईत आबा. लिवलेलं न्हाई."

रिक्षावाला विचारत होता, पण नानासोंनी हातानं नको म्हटलं आणि काठी टेकत स्टँडच्या रस्त्याला लागले. धनाजी त्यांच्या बाजूनं चालायला लागला. उन्हं चांगलीच चढली होती. वाटेत दोनदा थांबून नानासोंनी दम घेतला, आणि दोन्ही वेळी धनाजीनं पाण्याची बाटली पुढं केली तेव्हा त्यांनी ती घेतली.